पाचोळ्याची ओटी

कथेला आरंभ करण्यापूर्वी एका शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. तो शब्द म्हणजे पाचोळा. 'पालापाचोळा' असे आपण एका दमात म्हणतो खरे. परंतु पाला हिरवा असतो, त्याच्या देठाशी अजून ओल असते. पाचोळा म्हणजे आपला काळ पुरा करून, वाळून, आपणहून भुईवर उतरलेली पाने. केर ही तर तिसरीच वस्तू. तो माणसाच्या वापरातून उरतो. घरात जन्मतो आणि उंबऱ्याबाहेर जातो. रानात केर नसतो. ज्या गावाची ही कथा आहे, त्या गावाला हा भेद एकेकाळी ठाऊक होता. पुढे तो विसरला गेला, आणि त्या विसरण्यापायी ते गाव उठता उठता राहिले.

फार पूर्वी, डोंगराच्या मांडीवर डोके टेकून निजावे तसे एक गाव वसलेले होते. सकाळी धुके त्याच्या छपरांवरून हात फिरवीत जाई, आणि ते विरले की वरच्या अंगाला देवीची राई दिसू लागे. जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ अशी झाडे तिथे इतकी दाट होती की भर दुपारीही आत हिरवट संध्याकाळ असे. माणसाच्या मांडीएवढे जाड गारंबीचे वेल झाडांना मिठी मारून वर चढलेले होते. मधोमध देवीचा तांदळा होता. ती घडवलेली मूर्ती नव्हे. शेंदूर माखलेला एक गुळगुळीत दगड. राईच्या पायथ्याशी झरा होता. तो दगडी कुंडात उतरे आणि कुंडातून घरोघरच्या घागरींत जाई. गावाला दुसरे पाणी नव्हते. नदी होती ती पार खाली, अवघड उतार उतरून गेल्यावर.

राईचा नियम एकच होता, आणि तो लहान मुलांनाही पाठ होता. राईतली काडीदेखील राईबाहेर नेऊ नये. असे का, हे कोणी विचारीत नसे. आजोबांनी पाळलेल्या नियमाला कारण लागत नाही, अशी सर्वांची समजूत होती.

या गावाची ख्याती मात्र स्वच्छतेसाठी होती. अंगणे अशी सारवलेली की सांडलेली मोहरी वेचून घ्यावी. त्यातही पाटलीणबाईंचे अंगण म्हणजे गावाचा अभिमान. झाडून झाले की त्या वाकून भुईवर तळहात टेकीत, मग तो उलटा करून उजेडात पाहत. हाताला एक कण जरी लागला, तरी खराटा पुन्हा हाती येई. "आमच्या सासूबाईंच्या अंगणात वारासुद्धा पाय पुसून येतो," असे त्यांची सून माहेरी जाऊन सांगे.

चैत्रात देवीचा उत्सव असे. त्या दिवशी घरोघरच्या बायका खण, नारळ आणि तांदूळ घेऊन राईत जात आणि देवीची ओटी भरीत. अशाच एका उत्सवाला शेजारच्या गावची एक पाहुणी आली होती. ती पाचोळा चुरचुर वाजवीत तांदळ्यापर्यंत आली, लुगड्याला चिकटलेली पाने झटकली आणि सर्वांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली,

"अगबाई! तुमच्या गावची घरं म्हणजे नुसते आरसे, आणि देवीच्या दारात घोटाभर केर? देवी काय तुमची सवत लागते?"

बायका खळखळून हसल्या. पाटलीणबाई मात्र हसल्या नाहीत.

पुढल्या चैत्रात उत्सवाच्या आदल्या सकाळी त्या खराटा घेऊन राईत शिरल्या. गुरव समई घासत बसला होता. तो घाईने उठला.

"पाटलीणबाई, राईतली काडी बाहेर नेऊ नये. जुना नियम आहे."

"काडी कुठं नेतेय, गुरवबाबा? केर नेतेय. देवीला केरात बसवायचं, असाही काही नियम आहे का?"

गुरवाने पुष्कळ आठवून पाहिले. तसा नियम त्याला आठवेना. आणि अशा रीतीने पाचोळ्याचे नाव तेवढे बदलले, आणि नियम मुकाट्याने बाजूला सरला.

त्या दिवशी राई प्रथमच झाडली गेली. खराट्याखाली पानांचे थर उलगडत गेले. वर कोरडी, खाली कुजकी, त्याखाली काळी भुरभुरीत माती, आणि खराटा जोराचा असल्यामुळे थोडी तीही. सगळा ढीग सीमेबाहेर नेऊन पेटवला. निळसर धूर झाडांच्या शेंड्यांत बराच वेळ रेंगाळला. मुलांनी ढिगाभोवती फेर धरला. झाडलेल्या भुईवर सडा पडला, सड्यावर रांगोळी उमटली, आणि उत्सवाला आलेली तीच पाहुणी गप्प होऊन पाहत राहिली. पाटलीणबाईंना याहून अधिक काही नको होते.

मग तो प्रघातच पडला. उत्सवाला लोक 'खराट्याची जत्रा' म्हणू लागले. गावात नवी सून आली की ती माहेराहून नवा खराटा आणी, आणि पहिल्या चैत्रात तो राईत चालवी. लांबलांबची माणसे पाहायला येत. "असं रान पाहिलं नाही हो," ती म्हणत. "पान पडलेलं दिसत नाही!" हे सारे प्रेमाने चालले होते, हे विसरता कामा नये. त्या गावाइतके आपल्या राईवर प्रेम करणारे गाव त्या डोंगरात दुसरे नव्हते.

काही वर्षे गेली. झऱ्याचा आधी आवाज बदलला. पूर्वी तो कोणी तरी आतल्या खोलीत जात्यावर दळीत असावे तसा घुमे. आता तो कुजबुजू लागला. पावसाळ्यात राईतून लालभडक पाणी धावत सुटे आणि पाऊस थांबला की तेही थांबे. "देवीनं गुलाल उधळला," असे म्हणून लोक हात जोडीत. पाचोळा उलथून किडे शोधणारा, पहाटे माणसासारखी शीळ घालणारा एक निळाकाळा पक्षी राईत असे. तो कधी निघून गेला, ते कोणाच्याच ध्यानात आले नाही. गेलेली शीळ ऐकू येत नाही, हीच तर अडचण.

मग कुंडावर बायकांची रांग लागू लागली.

"काय गं, घागर भरतेयस की तिला पान्हा फुटायची वाट बघतेयस?" मागून कुंभारणीने विचारले. ती पाटलीणबाईंची जुनी मैत्रीण. जीभ तिची भट्टीतून काढल्यासारखी.

"वाट बघतेय," पुढची म्हणाली. "तोवर तू सासूच्या कागाळ्या सांग."

"त्या सांगत बसले तर घागर भरून वाहील, आणि माझं संपायचं नाही!"

हसू उमटले, पण ते पूर्वीसारखे पसरले नाही. कुंभारणीच्या घरचे चाक पाण्यावाचून कोपऱ्यात उभे होते, हे सगळ्यांना ठाऊक होते.

गावाने विचार केला, तो असा की देवी कोपली आहे. कोपली का? स्वच्छता कमी पडते म्हणून. तेव्हापासून राई दर पौर्णिमेला झाडली जाऊ लागली. झरा आणखी बारीक झाला. अखेर एका फाल्गुनात पाटलांनी पारावर गाव जमवले आणि जड आवाजात सांगितले,

"कुंडाचा तळ दिसायला लागलाय. येता पावसाळा असाच गेला, तर वासे उतरवायचे आणि गाव खाली नदीकाठी न्यायचं. दुसरा उपाय मला दिसत नाही."

एक म्हातारा पाराच्या दगडावरून हात फिरवीत राहिला, जणू तो दगड सोबत नेता येईल का, ते पाहत होता.

पाटलीणबाई घरी आल्या. सून दिवसांतली होती. त्या गावी जन्मलेल्या मुलाचे पहिले स्नान कुंडाच्या पाण्याने होई. जो त्या पाण्याने न्हाला तो गावचा, असे म्हणत. सुनेने विचारले, "आत्याबाई, आपलं बाळ नदीच्या पाण्यानं न्हाणार का?" पाटलीणबाईंना एकच गोष्ट आठवत होती. तांदळ्यामागे, चढावर, करवंदीच्या जाळ्यांच्या पलीकडे राईचा एक कोपरा होता. काट्यांमुळे तिथे खराटा कधी पोहोचला नव्हता. देवीचा कोप त्याच कोपऱ्यापायी असणार, अशी त्यांची खात्री झाली.

उत्सव दोन दिवसांवर होता. दुपारी त्या एकट्याच निघाल्या. एका हाती खराटा, एका हाती कोयता. जाळ्यांतून वाट काढताना लुगडे फाटले, हात ओरबाडले. पलीकडे पोहोचल्या तेव्हा त्या इतक्या दमल्या होत्या की झाडण्याआधी क्षणभर टेकावे म्हणून एका जुन्या हिरड्याच्या बुंध्याशी पाचोळ्यावर पाठ टेकून आडव्या झाल्या.

वर पाने होती आणि पानांमागे पाने. कुठून तरी एक उन्हाचा कवडसा उतरला, त्यांच्या पायांवर बसला आणि उडून गेला. एक पान सुटले. ते खाली येण्याची घाई करीत नव्हते. येता येता आठवण आल्यासारखे मध्येच वळत होते. ते त्यांच्या गुडघ्यावर उतरले. मग दुसरे, खांद्यावर. पाटलीणबाईंचे डोळे मिटू लागले. त्यांना वाटले, आपण अगदी लहान आहोत, तापाने फणफणलो आहोत, आणि आई एकेक पदर नीट करीत आपल्यावर पांघरूण घालते आहे. गोधडी आहे ती. जुन्या लुगड्यांची, विटलेल्या धोतरांची, फाटले ते टाकायचे नाही म्हणून थरावर थर शिवलेली. आई काही बोलत नव्हती. झाडे हलत होती, आणि पाने पडत होती, एक, आणि मग आणखी एक.

त्यांना जाग आली ती पाठीतल्या गारव्याने.

त्या उठून बसल्या. मागे हात नेला. लुगडे ओले होते. त्यांना प्रथम लाज वाटली, मग नवल. पाऊस होऊन कित्येक महिने लोटले होते. त्यांनी पाचोळ्यात हात घातला. वरची पाने कुरकुरीत होती. त्याखालची मऊ. त्याखालची तर पाने राहिलीच नव्हती. जाळीदार, काळसर, पांढऱ्या सुतासारख्या तंतूंनी शिवलेले असे काही तरी होते, आणि ते पिळले तर थेंब निघत होता. एक गांडूळ वेटोळे सोडून निवांतपणे आत गेले. पाटलीणबाईंनी तळहात उलटा करून उजेडात पाहिला. तो काळा, ओला, मातीने माखलेला होता. आणि जन्मात प्रथमच त्यांना तो पुसावासा वाटला नाही.

मग त्या जाळीतून बाहेर आल्या आणि झाडलेल्या भुईवर त्यांनी तोच तळहात टेकला. भुई पाट्यासारखी टणक होती, भेगाळलेली, तापलेली. हाताला एक कणही लागला नाही.

कुंडाशी उतरून त्यांनी पाहिले. जो एक बारीक ओघळ अजून चालू होता, तो त्या न झाडलेल्या कोपऱ्याच्याच बाजूने येत होता.

त्या कुंडाच्या पायरीवर बसल्या. दर चैत्री आपण या राईची गोधडी ओढून काढली, जाळली, आणि वर रांगोळी घातली. आता काय करावे? गप्प राहावे, तर कोणी दोष देणार नव्हते. देवी कोपली म्हणून गाव उठले, असेच लोक म्हणाले असते, आणि पाटलीणबाईंचे नाव लखलखीत राहिले असते. बोलावे, तर त्या नावाचाच केर होणार होता.

उत्सवाच्या सकाळी साऱ्या बायका खराटे घेऊन राईच्या सीमेशी जमल्या. पाटलीणबाई सर्वांत शेवटी आल्या. हाती खराटा नव्हता. डोक्यावर टोपली होती, आणि टोपलीत त्यांच्या परसातल्या फणसाचा नि आंब्याचा पाचोळा.

"पाटलीणबाई, वाट चुकलात," कुंभारीण ओरडली. "उकिरडा तिकडं!"

"वाट आत्ताच सापडलीय."

"अगं, देवीला नारळ सोडून केर वाहणार?"

"केर म्हणायला मीच शिकवलं तुम्हांला," पाटलीणबाई म्हणाल्या. "पाचोळा आहे हा. राईचा होता, आपण काढला. मी काढला. आता माझ्या परसातला आणलाय. हिची ओटी भरायची, ती यानं."

कुजबुज झाली. "उन्हात फिरल्या वाटतं," कोणी तरी म्हणाली. पाटील भुईकडे पाहू लागले. आणि गुरव पुढे येऊन हळूच म्हणाला, "बाई, देवाच्या दारी थट्टा बरी नव्हे."

"थट्टा वाटते ना? मग चला. मी काही सांगत नाही. जाळ्यांत वाट केलीय. पलीकडं जाऊन फक्त पाठ टेका."

कुंभारणीला हसू आवरेना. "निजायचा उत्सव असेल तर पहिली मी!" असे म्हणत ती गेली, पाचोळ्यावर ऐसपैस आडवी झाली, आणि तिथूनच तिने गावभरच्या सासवांची नावे घेऊन घोरण्याचे सोंग केले. बायका हसून लोटपोट झाल्या. मग ती एकाएकी उठून बसली. तिने मागे हात नेला.

"अगं बाई! ही देवी पाझरतेय की मी?"

हसू थांबले. एकेक करून सगळी जाळीपलीकडे गेली. नव्या सुना गेल्या, म्हाताऱ्या गेल्या, लाजत लाजत पुरुष गेले. त्या सकाळी निम्मे गाव राईत पाठ टेकून पानांकडे पाहत पडले होते. परत आले तेव्हा प्रत्येकाच्या पाठीवर ओलीचा डाग होता.

गुरव आपल्या ओल्या पाठीला हात लावून म्हणाला, "नियम आम्हांला पाठ होता. कारण आज कळलं."

सर्वांनाच पटले, असे नाही. "ओल्या पाठीनं घागर भरत नाही," असे म्हणून काही घरांनी त्याच उन्हाळ्यात वासे उतरवले आणि ती खाली निघून गेली. उरलेल्यांनी राईतले खराटे थांबवले, तरी त्या उन्हाळ्यात तो बारीक ओघळही आटला. पाटलीणबाईंची नात जन्मली आणि न्हाली ती नदीच्या पाण्याने. ते पाणी आजीने स्वतः उतार चढून आणले होते. पुढल्या चैत्रात घरोघरच्या टोपल्या आल्या. आंबा, फणस, साग, बांबू, ज्याच्या परसात जे गळले ते. कुंड कोरडेच होते. त्याच्या पुढल्या चैत्रातही टोपल्या आल्या. कुंड कोरडेच होते. "आणखी किती वर्षं केर वाहायचा?" असे कोणी विचारले की कुंभारीण म्हणे, "पाचोळा म्हण." नदीवरून आणलेल्या पाण्यात तिची मडकी थोडीच होत, तरी ती गाव सोडून गेली नाही.

आधी पावसाळ्यातला लाल लोंढा थांबला. मग कुंडाच्या दगडावर शेवाळाची रेघ उठली. एका संध्याकाळी बेडूक बोलला, आणि लोक जेवता जेवता थांबून ऐकू लागले. मग एका पहाटे राईतून शीळ आली. म्हाताऱ्यांनी ती ओळखली. मुलांना वाटले, कोणी तरी हाक मारते आहे.

पाणी सर्वांत शेवटी आले. तोवर पाटलीणबाई अंथरुणाला खिळल्या होत्या आणि नात तांब्या उचलून आणण्याएवढी मोठी झाली होती. चैत्रातल्या उत्सवाच्या दिवशी ती धावत आली.

"आजी, कुंडात पाणी! हे बघ." तिने तांब्या पुढे धरला आणि आत डोकावून म्हणाली, "थांब, पान पडलंय, काढते."

"असू दे," पाटलीणबाई म्हणाल्या. "त्याचंच पाणी आहे ते."

मग त्यांनी त्याच पाण्यात हात भिजवून तो नातीच्या कपाळावर फिरवला.

तात्पर्य: जे आपल्याला प्रिय आहे, त्याला आपल्या आवडीचे रूप देण्याआधी त्याच्याजवळ थोडे पाठ टेकून पडावे, त्याला काय हवे, ते तेच सांगते.

ही कथा हल्ली जशी सांगतात, तीत दोन चुका शिरल्या आहेत. पहिली चूक अशी, की देवी स्वप्नात आली आणि 'माझी गोधडी परत दे' असे म्हणाली. ती काही म्हणाली नाही. पाठ ओली झाली, इतकेच. दुसरी चूक अधिक मोठी आहे. म्हणतात, पहिली ओटी भरली आणि त्याच संध्याकाळी कुंड भरून वाहू लागले. तसे झाले असते, तर ती ओटी राहिली नसती, सौदा झाला असता. आणि सौद्याला कथा लागत नाही. कोरड्या कुंडाच्या काठाने, वर्षामागून वर्ष, डोक्यावर पाचोळा घेऊन जी माणसे चढ चढत राहिली, ही कथा त्यांची आहे. सांगणारे नेमकी तीच वर्षे गाळतात.